याद्या जुळत नाहीत, चहा पिऊन या!

मला लोक विचारतात, कल्पनाताई, तुम्हाला एवढे किस्से लक्षात कसे राहतात? अहो, मी कुठे मुद्दाम ठेवते! घरच्या टाकीत तळाला गाळ बसतो ना, तसं आहे ते. टाकी भरलेली असेपर्यंत कोणी वाकूनही बघत नाही. पाणी खाली गेलं की मग दिसायला लागतो. आमच्या ऑफिसातले निम्मेअधिक किस्से दुष्काळाच्या त्या दोन-तीन वर्षांतले आहेत.

ऑफिस कसलं, सिडकोत डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली पेशंट डोळ्यांत औषध घालून बसलेले आणि वर आम्ही डोळे फोडून घेतोय! आम्ही डेटाबेस बनवायचो. म्हणजे दुकानदाराचा माल, गिऱ्हाइकं, तारखा, सगळं ज्यात ठेवायचं ते कपाट. बाकीचे लोक तयार कपाट आणायचे, आमचे गायके सर मात्र रंधा मारून स्वतःचं बनवणार. लहान यंत्रात मावेल, इंटरनेट नसलं तरी चालेल, असं. सरांचा हट्ट म्हणजे हट्ट.

सर मालक. जावेदभाई कोड लिहायचे, सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत आळशी. आणि बिल्ड माझ्याकडे. बिल्ड म्हणजे सगळ्यांनी लिहिलेला कोड एकत्र करून त्याचा चालता प्रोग्राम करणं. कोणी काय घाण केलीय ते मला आधी कळायचं, आणि माझा स्वभाव तर तुम्हाला माहीतच आहे. पहिला किस्सा मात्र माझ्याच घाणीचा आहे, तो आधी सांगून मोकळी होते.

*

आमच्या कोडमध्ये दोन याद्या होत्या. एका यादीत चुकांचे क्रमांक आणि दुसऱ्या फाइलीत त्या चुकांची वाक्यं. पाचव्या क्रमांकाची चूक झाली की पाचवं वाक्य पडद्यावर दाखवायचं. दोघींचं नातं एवढंच, वरून कितवी.

मी एक दिवस पहिल्या यादीत मधेच एक नवीन चूक घातली. दुसऱ्या यादीत वाक्य घालायला विसरले. झालं! त्याखालचं सगळं एकेक घर सरकलं. बिल्ड मात्र मस्त झालं, एक शब्द बोललं नाही.

आठ दिवसांनी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका बियाणेवाल्याचा फोन. त्याच्या प्रिंटरमधला कागद संपला होता आणि आमचा प्रोग्राम त्याला सांगत होता, "पासवर्ड चुकीचा आहे." तो बिचारा पासवर्ड बदलायचा, पुन्हा प्रिंट द्यायचा, पुन्हा तेच. बायकोचं नाव टाकून झालं, पोरांची झाली, भावाचं झालं.

"मॅडम," तो म्हणाला, "घरातली नावं संपली! आता फक्त सासूचं राह्यलंय. टाकू का?"

मी म्हटलं, "नका टाकू, कागद टाका!"

*

त्या दिवशी सर माझ्यावर असे चिडले की खालच्या दवाखान्यातून कंपाउंडर वर आला, काय झालं म्हणून बघायला. पण चिडून झाल्यावर सर बसले आणि त्यांनी जिथे जिथे अशा दोन जोडीच्या याद्या होत्या, तिथे तिथे एकेक ओळ लिहिली. बिल्ड होतानाच दोन्ही याद्या मोजायच्या. आकडा सारखा नसेल तर बिल्ड तिथल्या तिथे बंद. गिऱ्हाइकापर्यंत चूक जायलाच नको.

आम्ही त्याला नाका म्हणायचो. जावेदभाईंना तो नाका अजिबात आवडला नाही. "क्या सर, कायकू ये झंझट? हम लोगां को गिनती नहीं आती क्या?" सर म्हणाले, "नाही येत." संपला विषय.

मग बिल्ड थांबल्यावर पडद्यावर काय दाखवायचं ते लिहायचं काम सरांनी जावेदभाईंनाच दिलं, शिक्षा म्हणून. जावेदभाईंनी मराठीत झोकात लिहिलं, "याद्या जुळत नाहीत. चहा पिऊन या, मग मोजा."

पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याचे एक साहेब आमचं काम बघायला आले. मोठा पडदा लावला होता, सर इस्त्रीच्या शर्टात. सर म्हणाले, "आमच्याकडे चूक आत शिरूच शकत नाही, आत्ता बिल्ड करून दाखवतो!" आणि बटण दाबलं. नाका लागला. पडद्यावर ही एवढाली अक्षरं, याद्या जुळत नाहीत, चहा पिऊन या!

सरांचे कान लाल झाले. मी खाली बघत होते. जावेदभाई तर खिडकीतून उडी मारतात की काय असे उभे होते.

साहेबांनी पडदा दोनदा वाचला आणि खुर्ची ओढून बसले. "बरोबर आहे. मग, चहा कुठाय?"

काम आम्हाला मिळालं.

*

ते काम टँकरचं होतं. पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. शहरात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नव्हता आणि मी राहते त्या पडेगावात मात्र रोज नवी बिल्डिंग उठत होती! रस्त्यावरून उलट्या दिशेनं टँकर गावांकडे चाललेले. प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात एक छोटं यंत्र द्यायचं, त्यात आमचा डेटाबेस. कुठल्या गावाला जायचं आणि किती फेऱ्या, ते यंत्रानं सांगायचं. यंत्रं इतकी साधी होती की गावांची यादी आणि फेऱ्यांची यादी कोडमध्येच लिहावी लागायची. यादी बदलली की नवीन बिल्ड. सगळी यंत्रं पुन्हा भरायची.

म्हणजे आता ओळ सरकली तर पासवर्ड विचारून थांबणार नव्हतं. कुठल्यातरी गावाचं पाणी जाणार होतं. हे सरांनी आम्हाला तिघांना समोर बसवून सांगितलं. तिघांना म्हणजे मी, जावेदभाई आणि त्याच महिन्यात लागलेली मीरा सोन्नर.

मीराच्या मुलाखतीला मी होते. धनगराघरची पोरगी, वाडीतली पहिली इंजिनियर, बोलायला मोजकी. सरांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"खैरवाडी. पिशोरच्या पुढं, डोंगराच्या कडंला."

सरांना सवय होती, लगेच मोबाइलवर नकाशा उघडला. वर केलं, खाली केलं, मोठं केलं. "नाही गं दिसत नकाशात."

"नकाशात नाय सर," मीरा म्हणाली. "टँकरच्या यादीत हाय. यंदाच घातलं. आमच्या आबानं तालुक्याला चपला झिजवल्या त्याच्यासाठी."

*

आता जरा पाणी पिते, मग पुढचं सांगते.

मे महिन्यात साहेबांनी एक नवीन गाव घालायला सांगितलं. काम जावेदभाईंकडे होतं. त्यांनी गावांच्या यादीत ते नाव मधे, जिथे शोभेल तिथे घातलं. फेऱ्यांच्या यादीत त्याचा आकडा मात्र सगळ्यांत शेवटी चिकटवला. दोन्हीकडे एकेक ओळ वाढली. नाक्यानं मोजलं. आकडा सारखा! बिल्ड सुरळीत पार. मी स्वतः पेढा मागितला जावेदभाईंकडे, पहिल्या झटक्यात झालं म्हणून!

दोन दिवसांनी कडूबाचा फोन. कडूबा आमच्या टँकरवाल्यांतला सगळ्यांत बोलका ड्रायव्हर, अजिंठ्याकडचा.

"मॅडम, मी ज्या गावात आलोय ना, इथं विहीर काठोकाठ हाय. लोकं हसायलेत मला! म्हणायलेत, आलाच हायस तर भरून घिऊन जा!"

मी हसले. खरंच हसले, आणि सगळ्यांना ऐकवायला म्हणून मागे वळले, तर मीरा फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी. तिच्या आबांचा फोन होता. दोन दिवस टँकर आला नव्हता.

माझं हसू जागच्या जागी वाळलं. आम्ही याद्या काढल्या, कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या. मधे घातलेल्या त्या एका नावानं खालची सगळी नावं एक ओळ खाली ढकलली होती आणि फेऱ्या जागेवरच होत्या. खैरवाडीच्या दोन फेऱ्या तिच्या वरच्या ओळीतल्या पाणीवाल्या गावाला गेल्या होत्या. पाणी असलेली गावंही यादीत असायचीच, फेऱ्या शून्य; खालच्या ओळीतलं गाव तसलंच, त्याचं शून्य खैरवाडीच्या नशिबी आलं.

आणि एकटी खैरवाडी नव्हती. त्या खालची सगळी गावं एकमेकांच्या फेऱ्या घेऊन बसली होती. फोनवर फोन सुरू झाले. जावेदभाईंनी डोकं धरलं. ते एरवी कशालाच घाबरायचे नाहीत, पण त्या दिवशी मीराला म्हणाले, "बहना, मेरे हात से हुआ ये." त्यांनी दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. मी ग्लास पुढे केला तर हातानंच नक्को म्हणाले.

*

संध्याकाळपर्यंत याद्या दुरुस्त करून यंत्रं भरली. दुसऱ्या दिवशी सर तावातावानं फळ्यापुढे उभे. "आपण मोजलं ना? मोजूनसुद्धा गेलं! अजून काय मोजायचं?"

मीरा मागून म्हणाली, "सर, आमचा आबा मोजत नाय."

सर वळले. "काय मोजत नाही?"

"मेंढरं. दिवसा कोकरं वाड्यात कोंडलेली असत्यात. सांजच्याला मेंढ्या आल्या का कोकरं सोडायची. ज्याची त्याची आय ज्याला त्याला घावती. येक कोकरू वरडत राह्यलं का समजायचं, त्याची आय मागं राह्यली. कोणाचं राह्यलं ते बी कळतं. मोजून काय कळतंय? दुसऱ्याच्या कळपातली येक आली अन् आपली येक गेली, तर मोजमाप सारखंच!"

मग तिनं सांगितलं. प्रत्येक यादीत प्रत्येक ओळीपुढे गावाचं नाव लिहायचं. बिल्ड होताना नुसता आकडा नाही बघायचा, नावाला नाव लावून बघायचं. ज्या ओळीला जोडी सापडणार नाही, तिचं नाव घेऊन नाक्यानं ओरडायचं.

सरांनी खडू खाली ठेवला. सरांचे वडील शिक्षक, आजोबा शिक्षक, स्वतः सर कॉलेजात शिकवून आलेले. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही.

"गायक्यांच्या तीन पिढ्या मास्तरकीत गेल्या," सर म्हणाले. "आणि मला शिकवलं कोणी? मेंढरांनी!"

नवा नाका मीरानं त्याच दिवशी लिहिला.

*

त्या नव्या नाक्यानं आमचा जीव खाल्ला ती सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे.

दोन्ही याद्या साहेबांच्या ऑफिसातून नव्यानं आल्या होत्या. दुपारच्या आत सगळी यंत्रं भरायची होती. जावेदभाई लॅपटॉप घेऊन तिकडे टँकर भरायच्या आवारात, त्यांच्यापुढे ड्रायव्हरांची ही रांग. एकेक टँकर भरून उभा. उन्हानं डांबर मऊ पडलेलं. आणि इकडे मी बिल्ड सुरू केलं.

नाका लागला. पडद्यावर एकच नाव. "खैरवाडी: फेऱ्यांच्या यादीत आहे, गावांच्या यादीत नाही."

मी साहेबांच्या ऑफिसात फोन लावला. तिथला क्लार्क म्हणाला, "हां, ती वस्ती काढलीय. पाहणीला माणूस गेला होता, सगळी कुलपं दिसली. फेऱ्यांतून काढायची राहिली असेल. तुम्हीच उडवा ना ती ओळ, काय मोठंसं!"

एक ओळ. ती उडवली की याद्या जुळणार, बिल्ड होणार, रांग हलणार. जावेदभाईंचा तिसरा फोन आला, "मॅडम, ड्रायवर लोगां गाली दे रहे, जल्दी करो!"

मी ओळ उडवली. हो, मीच. मीरा माझ्या शेजारी बसलेली असताना! नाक्यानं चूं केलं नाही. बिल्ड पार झालं.

"ताई," मीरा म्हणाली. आवाज एकदम बारीक. "आबा हाय तिथं."

"आणि बाकीचे?"

"अर्धी घरं तुमच्या पडेगावात बांधकामावर आलीत. अर्धी मेंढरं घिऊन गंगाथडीला, नदीकाठी गेलीत. आबा तेवढा ऱ्हायलाय, अन् लंगडी-पांगळी चार कोकरं."

मला राग आला. कोणाचा ते विचारू नका, स्वतःचाच असावा. मी तिच्यावरच ओरडले, "मग त्यांना इकडे का नाही आणत तू? एकट्या माणसासाठी टँकर जातो का कुठे?"

"नाय येत तो. म्हणतो, कोणीतरी ऱ्हायला पायजे. समदे निघाले तर यादीतलं नाव जाईल. नाव गेलं का पाणी गेलं. पाणीच नसंल तर पाऊस पडल्यावर तरी कोण माघारी येईल? सुटली मंग वाडी." एवढं लांब ती कधीच बोलली नव्हती.

सर दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, मलाच शाबासकी देतील, वेळेत बिल्ड दिलं म्हणून. ते म्हणाले, "कल्पना, ओळ परत घाल."

"सर, रांग उभी आहे तिकडे!"

"परत घाल म्हणतो ना! दोन्ही यादीत घाल. याद्या जुळत नाहीत एवढंच नाका सांगतो. कुठली खरी ते सांगत नाही. ते तू ठरवलंस. तुला कोणी अधिकार दिला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी ओळ परत घातली. सरांनी थेट साहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

"साहेब, तुमच्याच दोन कागदांत खैरवाडी एकात आहे, एकात नाही. कुठला कागद खरा ते लिहून द्या. तिथे कोणी राहत नाही असं लिहा आणि खाली सही करा. मी लगेच काढतो."

तिकडे कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला.

"सही म्हणता?" साहेब म्हणाले. "तूर्त राहू द्या हो तिला यादीत!"

मी हुश्श केलं, तर साहेबांचं पुढचं वाक्य आलं. "पण एक करा. तिथे पोचल्यावर ड्रायव्हरनं राहती घरं मोजून यंत्रात भरायची. दहापेक्षा कमी भरली, तर ती वस्ती दोन्ही यादीतून एकदमच काढून टाका. मग कोणाच्या सहीचा प्रश्न नको!"

*

आणि तो नियम कोडमध्ये लिहिला कोणी? मीरानं. दुसरं कोणी मोकळं नव्हतं, आणि मी लिहिते म्हटलं तर मला म्हणाली, "नको ताई, माझं मीच लिव्हते." अकरा घरांची तिची वाडी. दहाच्या खाली आकडा आला, की पुढच्या बिल्डला गावांच्या यादीतून ओळ जाणार, फेऱ्यांच्या यादीतूनही जाणार. जोडीनं जाणार, म्हणजे नाका अडवणारसुद्धा नाही. तिनंच घातलेला नाका! मी तिच्या पाठीमागे उभी राहून बघत होते. तिनं "दहा" लिहिलं, पुसलं नाही, कमी केलं नाही. मी तिच्या जागी असते तर पाच लिहून मोकळी झाले असते, तुम्हाला खरं सांगते.

काम संपल्यावर ती गॅलरीत गेली आणि आबांना फोन केला. काय बोलली ते मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही ऑफिसात वेळेच्या आधी. कोणी कोणाला काही म्हणालं नव्हतं. जावेदभाईंनी चहा आणला, तो तसाच गार झाला. खैरवाडीची फेरी कडूबाकडे होती. मीरा त्याच वाडीची आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि सरांनी सांगूही दिलं नव्हतं. "त्याला जे दिसेल ते त्यानं भरावं," म्हणाले.

साडेनऊला फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, खैरवाडीत आलोय. टँकर हिरीपाशी लावलाय. यंत्र विचारायलंय, राहती घरं किती. काय दाबू?"

मी सरांकडे बघितलं. सर फोनवर वाकले. "काय दाबू म्हणून काय विचारतोस? मोज की!"

"मोजतोच हाय सर, पर कळंना झालंय. दाराला कुलपं हायत समद्या. माणूस म्हनताल तर येकच म्हातारं दिसायलंय. अन् चुली तर पेटल्यात! अंगणाअंगणात. धूर निघायलाय बघा घरापुढून."

मीरा उठून उभी राहिली. टेबलाची कड धरली होती तिनं.

"किती?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "किती घरांपुढे धूर आहे?"

"थांबा... सात, आठ. त्या टोकाला येक. नऊ, सर. नऊ दाबू का?"

जावेदभाई ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते.

"सर? नऊ दाबू ना? अहो, हे म्हातारं काटक्या घिऊन पळायलंय कुठं! ओ बाबा! बाबा, पडाल! काय म्हनता? जरा मोठ्यानं बोला, फोनवर सायेब हायत!"

फोनमधून आधी नुसती धाप ऐकू आली. मग म्हाताऱ्याचा आवाज, लांबून.

"सायबाला म्हनावं, उलीशीक दम धरा. दहावी पेटायचीय अजून!"